रोपास उजेड काय सांगतो?



गेल्या अंकात कुंडीतील कढीपत्त्याविषयी लिहिले होते. त्यावर आपणांपैकी अनेकांनी दूरध्वनी करून आपापल्या गॅलरीतील हकीगती कळविल्या, त्याबद्दल मी आभारी आहे. आजचा विषय एका पत्रातून निघाला आहे. ते पत्र बीरशेबाहून किंवा अश्दोदहून आलेले नाही. ते ओमानमधील खाबुरा या गावाहून, अलिबागमार्गे, माझ्या हाती पडले.

इस्राएलला येण्यापूर्वी मी अलिबाग तालुक्यातील एका मराठी शाळेत काही वर्षे शिकवीत होते. तेव्हा चौथीच्या वर्गात असलेला एक मुलगा आज ओमानात भाजीपाल्याच्या मळ्यावर देखरेखीचे काम करतो. त्याच्या आईचा व माझा स्नेह अद्याप टिकून आहे. मुलाने आपली अडचण आईला कळविली, आणि "तुझ्या बाईंनाच विचारू" असे म्हणून तिने ते पत्र माझ्याकडे धाडले. शिक्षकाचा पेशा सोडला तरी तो आपणांस सोडीत नाही, हेच खरे!

पत्राचा आशय असा. मळ्यात टोमॅटो, मिरची व काकडी यांची रोपे तयार करावयाची असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात तेथे ऊन इतके कडक असते की, रोपांवर हिरवी जाळी एक पदरी न घालता दोन पदरी घालतात. जाळीखाली रोपे दिसावयास सुरेख, उंच आणि पोपटी दिसतात. परंतु ऑक्टोबरात उघड्या रानात लावली की, तिसऱ्या दिवशी माना टाकतात. मागील हंगामात निम्मी रोपे अशीच गेली. "अरबाब" (मालकास तिकडे कामगार हाच शब्द वापरतात) तेव्हा काही बोलला नाही. मात्र यंदाही तसेच घडले तर गावी परत जावे लागेल, असे त्याने सांगून ठेवले आहे. अशा वेळी एक विक्रेता निळ्या प्लास्टिकची गुंडाळी घेऊन आला. निळ्या उजेडात वाढलेले रोप कमी पाणी पिते आणि दुष्काळास दाद देत नाही, असे त्याचे म्हणणे. गुंडाळीची किंमत ह्या मुलाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. अरबाब म्हणतो, "तुझा विश्वास असेल तर तू घे, रोपे जगली तर पैसे मी देईन." आणि मुलगा विचारतो, "बाई, घेऊ का?"

प्रश्न तीन शब्दांचा आहे, पण उत्तर तेवढे लहान नाही. आणि हे उत्तर आपणांसही उपयोगी पडेल. कारण डिमोनातील गॅलरी काय किंवा खाबुऱ्यातील मळा काय, ऊन आणि पाण्याची टंचाई दोन्हीकडे सारखीच.

प्रथम त्या जागेची थोडी ओळख करून घेऊ. खाबुरा हे ओमानच्या उत्तर किनाऱ्यावरील, बातिना नावाच्या सपाट पट्टीतील गाव. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस हजर पर्वताची रांग, आणि मध्ये खजूर, लिंबू व भाजीचे मळे. मस्कतहून वायव्येस सोहारकडे जाताना वाटेत ते लागते. आपल्या अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बातिनात तो सरासरीने शंभराच्या आसपास. त्यातही नेम नाही. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी 'शाहीन' चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा खाबुऱ्यात एका दिवसात कित्येक वर्षांचा पाऊस कोसळला आणि मळेच्या मळे वाहून गेले. एरवी सारी भिस्त विहिरींवर. पूर्वी तेथे बैल जुंपून चामड्याच्या पोहऱ्याने पाणी काढीत. म्हणजे आपली मोटच! बैल जेवढे ओढील तेवढेच पाणी निघे आणि जमिनीखालचा साठा पुन्हा भरून येई. पुढे डिझेलचे पंप आले, विहिरी वाढल्या, उपसा वाढला. गोडे पाणी खाली गेले तसे समुद्राचे पाणी जमिनीखालून आत शिरू लागले. आज किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे, काहींचे तर पिकास चालेनासे झाले आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाने तेल कंपनीच्या साहाय्याने खाबुऱ्यात ग्रामविकासाचा प्रकल्प सुरू केला होता. शेती, शेळ्या, चारा आणि मधमाश्या अशा अनेक अंगांनी तेथे काम झाले. आपल्या विषयापुरते एवढे ध्यानी धरावे की, अशा जागी प्रत्येक रोप पाण्याचा हिशेब पुरता ओळखणारे असावे लागते. जे रोप रानात जाताच भडाभडा पाणी मागते, त्यास देण्यास तेथे गोडे पाणी नाही.

आता उजेडाकडे वळू. आपणांस उजेड दिसतो, म्हणजे वस्तू दिसतात. रोपास उजेड दोन कामांसाठी लागतो. पहिले काम अन्नाचे. पानातील हरितद्रव्य प्रामुख्याने तांबडा व निळा प्रकाश शोषते. हिरवा त्या मानाने कमी शोषते, म्हणून पान आपणांस हिरवे दिसते. (हिरवा अगदीच वाया जातो, असे मात्र नाही. तो पानात खोलवर शिरतो आणि खालच्या थरांना थोडाफार उपयोगी पडतो.) दुसरे काम बातमीचे, आणि आजचा मुद्दा तोच आहे. रोपास पाय नाहीत. जेथे रुजले तेथेच त्याचा जन्म जावयाचा. तेव्हा आपण मोकळ्यावर आहोत की कोणाच्या सावलीत, शेजारी कोण आहे, वर आभाळ आहे की पाने, हे सारे त्यास उजेडाच्या रंगावरून ओळखावे लागते.

ही ओळख कशी होते, हे अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शेतकी संशोधन केंद्रात १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी लेट्यूसचे, म्हणजे आपल्या सॅलडच्या पानांचे, बी घेतले. ओल्या बियांवर अंधारात क्षणभर तांबडा प्रकाश टाकला, बी रुजले. त्यानंतर लगेच 'दूरतांबडा' प्रकाश टाकला, बी रुजेना. हा दूरतांबडा म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यास जेमतेम दिसणारा प्रकाश. मग त्यांनी तांबडा, दूरतांबडा, पुन्हा तांबडा असे आळीपाळीने झोत दिले. कितीही वेळा दिले तरी शेवटचा झोत कोणता, ह्यावर बियांचा निर्णय ठरे! बियांत व रोपांत एक रंगद्रव्य असते. तांबड्या प्रकाशाने ते एका रूपात जाते, दूरतांबड्याने दुसऱ्या रूपात परत येते. पुढे त्यास 'फायटोक्रोम' असे नाव मिळाले.

आता ह्याचा अर्थ पाहा. उघड्या उन्हात तांबडा व दूरतांबडा जवळजवळ सारखे असतात, तांबडा किंचित अधिक. परंतु ऊन एखाद्या पानातून गाळून आले की, पान तांबडा प्रकाश गिळून टाकते आणि दूरतांबडा पलीकडे जाऊ देते. दाट पानांखाली तांबडा दूरतांबड्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येतो. रोपास ही बातमी पोहोचते: "तुझ्या डोक्यावर दुसरे कोणी आहे. लवकर उंच हो, नाही तर जन्मभर सावलीत राहशील." मग रोप आपली सारी पुंजी खोडात घालते. खोड लांब व बारीक होते, फुटवे थांबतात, मुळाच्या वाट्याला थोडेच उरते. एवढेच काय, वर छाया नसली तरी शेजारच्या रोपांच्या पानांवरून परतलेला दूरतांबडा प्रकाशही हीच बातमी देतो. ट्रेमध्ये रोपे दाटीने उभी असली की, ती एकमेकांशी चढाओढ करीत लांबोडकी होतात, ती ह्याच कारणाने.

निळा प्रकाश वेगळी बातमी देतो. निळा भरपूर असला की रोपास कळते, वर मोकळे आभाळ आहे. खोड आखूड व जाड राहते, पाने दळदार होतात. निव्वळ तांबड्या दिव्याखाली वाढविलेल्या काकडीच्या पानांचे अन्न तयार करण्याचे कामच बिघडते. त्या उजेडात अवघा ७ टक्के निळा मिसळताच ते ताळ्यावर येते, असे हॉलंडमधील वाखेनिंगेन येथील संशोधकांनी २०१० साली दाखविले. येथवर ऐकून कोणीही म्हणेल, "मग विक्रेता खरेच बोलतो!" थांबा. निळ्या प्रकाशाचे आणखी एक काम आहे. पानाच्या पाठीवर सूक्ष्म दारे असतात, त्यांस पर्णरंध्रे म्हणतात. हवा आत येते ती ह्यांतून, आणि पाणी वाफ होऊन निघून जाते तेही ह्यांतूनच. ही दारे उघडण्याची सूचना प्रामुख्याने निळा प्रकाशच देतो. म्हणजे तोच रंग रोपाचा बांधा आटोपशीर करतो, आणि तोच पाण्याची दारेही उघडतो. निळ्या उजेडात रोप कमी पाणी पिते, हे वाक्य इतके सरळ उरत नाही.

येथे मला माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे, कारण ती ह्याच निळ्या रंगाची आहे. अध्यापक विद्यालयात असताना मी सहावीच्या वर्गावर सराव पाठ घेतला होता. विषय, 'प्रकाश आणि वनस्पती'. बुटांचे चार खोके घेतले, प्रत्येकात मूग पेरले आणि झाकणाच्या जागी जिलेटिनचे कागद चिकटविले: एक तांबडा, एक निळा, एक हिरवा आणि एक बिनरंगी. खोके खिडकीत ठेवले. आठ दिवसांनी पाहतो तो निळ्या खोक्यातील मूग सर्वांत उंच, आणि बिनरंगी कागदाखालचे बुटके व गडद. मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'निळ्या प्रकाशात रोप उंच वाढते.' चाळीस मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. पाठास शेरा मिळाला, 'शैक्षणिक साहित्य उत्तम.' मी घरी तरंगत गेले!

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आले की, निळा प्रकाश रोपास उंच करीत नाही, आखूड ठेवतो. मग माझे मूग खोटे बोलले काय? नाही, खोटे मी बोलले. एक तर निळ्या कागदाने पुष्कळसा उजेड अडविला होता. मी रंगांची तुलना करीत आहे असे समजत होते, प्रत्यक्षात उजेड आणि अंधार यांची तुलना करीत होते. दुसरे असे की, असले स्वस्त रंगीत कागद तांबडा प्रकाश अडवितात, परंतु दूरतांबडा बहुतेक जसाच्या तसा जाऊ देतात. आपल्या डोळ्यांस कागद निळा दिसतो. मुगास मात्र दूरतांबड्याने भरलेली गर्द सावली दिसते. मूग बिचारे आपल्या बातमीप्रमाणे वागले. त्या चाळीस वह्यांतील ते वाक्य खोडण्याची संधी मला मिळाली नाही. म्हणून खाबुऱ्याच्या पत्राचे उत्तर लिहिताना मी चार वेळा विचार केला.

त्या मुलाच्या दोन पदरी हिरव्या जाळीचे काय? महाराष्ट्रात नारायणगाव, नाशिक, सोलापूर, कोठेही जा, रोपवाटिका म्हटली की हिरवी जाळी डोळ्यांसमोर येते. झाड हिरवे, म्हणून जाळीही हिरवी, असा आपला भोळा तर्क. वस्तुतः जाळीचा काळा धागा उजेड फक्त कमी करतो, त्याचा रंग बदलत नाही. हिरवा धागा मात्र रोपास उपयोगी असा तांबडा व निळा यांचा काही भाग गिळतो आणि हिरवा व दूरतांबडा खाली सोडतो. एक पदर विरळ असेल तर फारसे बिघडत नाही, कारण भोकांतून ऊन येतच असते. दोन पदर घातले की दोष दुप्पट होतो. मुख्य दोष काळोखाचा, त्यात भर रंगाची. खाबुऱ्याची रोपे उंच व पोपटी का, हे आता आपल्या ध्यानी आले असेल. ती सुरेख दिसत होती, पण गर्द झाडीखाली जन्म काढण्याच्या तयारीत होती. आणि त्यांस नेऊन लावले वाळवंटी उन्हात!

रंगीत जाळीचा उपयोगच नाही, असा ह्याचा अर्थ घेऊ नये. ह्या बाबतीत आपल्या इस्राएलनेच जगास धडा दिला आहे. बेत दागान येथील वोल्कानी संशोधन केंद्रात १९९० च्या दशकापासून योसेफा शाहाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या, पिवळ्या, निळ्या, करड्या आणि मोतिया रंगाच्या जाळ्यांवर पद्धतशीर काम केले. शोभेच्या पिटोस्पोरम झुडपावरील त्यांचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले: तांबड्या व पिवळ्या जाळीखाली फांद्या जोमाने वाढल्या, निळ्या जाळीखाली झुडूप खुजे राहिले, करड्या जाळीखाली ते फुटव्यांनी भरले. नेगेवमधील बेसोरच्या प्रदेशात ढोबळ्या मिरचीवर झालेल्या प्रयोगांत काळ्या जाळीपेक्षा तांबड्या, पिवळ्या व मोतिया जाळीखाली उत्पन्न अधिक आले. मोतिया व पिवळ्या जाळीखाली मावा किडीमुळे पसरणारे रोगही कमी आढळले. पण ह्या जाळ्या आणि ती निळी गुंडाळी यांत फरक आहे. ह्या जाळ्यांचे धागे कोणता प्रकाश किती अडवितील, हे उपकरणांनी मोजून ठरविलेले असते. त्या प्रकाश विखुरतात, त्यामुळे तो आतल्या पानांपर्यंत पोहोचतो. आणि भोकांतून वाराही खेळतो. प्लास्टिकची सलग गुंडाळी सप्टेंबरच्या उन्हात अंथरली, तर रोपे रंगाने मरण्याआधी उकाड्याने मरतील.

राहिला दुष्काळाचा प्रश्न. रंगाने रोप दुष्काळास काटक होते काय? येथे शास्त्रज्ञांचे उत्तर मोठे सावध आहे आणि तसेच असावयास हवे. २०१२ साली दोन निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोहरीच्या कुळातील अरबिडॉप्सिस नावाच्या लहान रोपात, तांबडा प्रकाश ओळखणारे मुख्य फायटोक्रोम नसलेले रोप पाण्याच्या ताणात लवकर कोमेजले. भातात बरोबर उलटे दिसले: तेच फायटोक्रोम नसलेला भात ताणात अधिक तगला, कारण त्याच्या पानांवर पर्णरंध्रे कमी होती. एकच खूण, दोन पिके, दोन उत्तरे. तेव्हा 'अमुक रंग लावा आणि दुष्काळ विसरा' असे जो सर्व पिकांसाठी सांगतो, त्याच्या हाती आपली मिळकत देऊ नये.

मग रोप काटक होते कशाने? भरपूर मुळांनी, आखूड जाड खोडाने, मेणचट पानांनी आणि वेळीच दारे मिटण्याच्या सवयीने. ह्यांतील बांध्याचा भाग उजेडाने घडतो. सवयीचा भाग थोडाथोडा ताण सोसल्याने. आपल्या आजीला फायटोक्रोम ठाऊक नव्हते. ती गादीवाफ्यावर मिरची-वांग्याचे बी टाकून वर भाताचा पेंढा पसरी. पण कोंब दिसताच तो पेंढा त्याच दिवशी उचली. "एक दिवस उशीर झाला तर रोप लांबेल," असे म्हणे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची रोपे उपटण्याआधी वाफ्याचे पाणी तोडीत, हेही आपणांपैकी काहींनी पाहिले असेल. बातमी आणि सवय, दोन्ही त्यात आले.

ह्या सर्व विचारांती त्या मुलास मी लिहिले ते असे:

"चिरंजीवास अनेक आशीर्वाद. गुंडाळी घेऊ नकोस. प्रथम जाळीचा एक पदर काढ. बी उगवेपर्यंत आणि पुढे आठवडाभर दुपारची सावली हवी, त्यास एक पदर पुरे. सकाळचे व संध्याकाळचे ऊन रोपांस उघडे मिळू दे. ट्रेमध्ये प्रत्येक खणात बी टाकू नकोस, एक सोडून एक टाक. ट्रे अधिक लागतील, पण त्यांचा खर्च गुंडाळीहून कमी. रोपांना पाणी घालण्यास मळ्यातील सर्वांत गोडे पाणी वापर. मचूळ पाणी रानात रोप रुजल्यावर. टोमॅटो व मिरचीच्या लावणीपूर्वी आठ-दहा दिवस जाळी रोज थोडी अधिक वेळ बाजूस कर आणि पाण्यामधील अंतर वाढव. पाने दुपारी किंचित मलूल झाली आणि संध्याकाळी सावरली तर भिऊ नकोस; सकाळीही मलूल दिसली तर मात्र लगेच पाणी दे. काकडीस एवढा ताण देऊ नकोस, ती नाजूक. दोन खरी पाने येताच तिला लाव. लावणी दिवस कलल्यावर कर, आणि त्याआधी ट्रे चिंब भिजव. विक्रेत्याकडून निळ्या प्लास्टिकचा हातभर तुकडा नमुन्यास माग. तो एका ट्रेवर वारा खेळेल असा उंच बांध, बाकीचे ट्रे तुझ्या पद्धतीने ठेव, आणि दोन्हींतील रोपे लावून कोणती उभी राहतात ते अरबाबाच्या डोळ्यांदेखत पाहा. एका ट्रेने शास्त्र सिद्ध होत नाही. पण दोन महिन्यांचा पगार वाचतो."

आपल्या गॅलरीसाठीही ह्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. खोलीत काचेआड वाढविलेली टोमॅटोची रोपे लांबतात, ती उजेड कमी पडल्यामुळे. त्यांस जांभळे दिवे विकत आणण्याची गरज नाही. साधा पांढरा एलईडी दिवा जवळून लावला तरी त्यात निळा व तांबडा दोन्ही असतात. जुना तारेचा बल्ब मात्र लावू नये. त्याच्या उजेडात दूरतांबडा फार, आणि उष्णता त्याहून अधिक. आणि पेसाहनंतर कुंड्या बाहेर काढताना एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नयेत. आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ ठेवाव्यात.

पत्र टाकून झाल्यावर मला माझ्या मावशीची आठवण झाली. १९६० च्या दशकात ती कुटुंबासह मुंबईहून निघाली, तेव्हा जेथे जावयाचे ती जागा हिरवीगार आहे, मुंबईपासून पुण्याएवढ्या अंतरावर जशी गावे असतात तशीच ती आहे, असे तिला सांगण्यात आले होते. रात्री बस थांबली आणि सकाळी दार उघडून पाहते तो डिमोनाची वाळू! पहिल्या वर्षी ती रोज रडे. तिला ऊन नकोसे नव्हते. रेवदंड्याच्या वाळूत खेळलेली बाई ती. "ऊन आहे असे आधी सांगितले असते, तर मन घट्ट करून आले असते," एवढेच तिचे म्हणणे होते. तिची मुळे पुढे त्या वाळूत खोल गेली, हे आपण जाणताच. परंतु ती खोट्या बातमीमुळे नव्हे, खोट्या बातमीवर मात करून. रोपास तेवढा अवधी मिळत नाही. त्याला तीन दिवसच मिळतात.

लेख छापावयास देण्याच्या सुमारास अलिबागहून त्याच्या आईचा निरोप आला. रोपे ह्या खेपेस बुटकी व गडद झाली, अरबाब ती पाहून हसला आणि म्हणाला, "यंदा तू ठेंगू माल काढलास." लावून तीन आठवडे झाले. मिरची व टोमॅटो बहुतेक उभी आहेत. काकडीची एक ओळ गेली, तिला ताण अधिक झाला असावा, असे तो स्वतःच म्हणतो. निळ्या तुकड्याखालचा ट्रे मात्र लांबोडका झाला, अगदी माझ्या खोक्यातील मुगासारखा. हा निरोप वाचून मला समाधान वाटले, आणि थोडी लाजही वाटली. त्या चाळीस मुलांपैकी कोणी हा अंक वाचीत असेल, तर त्याने आपली सहावीची वही काढून ते एक वाक्य खोडावे, अशी माझी विनंती आहे.